मालन क्रमांक ४११७

सोमवारी सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी मालन आत्याच्या फोनवर मेसेज आला, की मालन आत्या वारली.

ती तेव्हा ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. तिनं गाळणी कपावर तशीच ठेवली, चष्मा लावला आणि मेसेज मोठ्यांदा वाचला. ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आपली जुळी, मालन शेडगे क्र. १, हिचे आज निधन झाले. कारण : यकृत निकामी. उपचाराचा दिवस : एकोणीस. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’ ती पुन्हा चहाकडे वळली, तर क्रमांक दोन गेल्याचा मेसेज आला. दुपारच्या जेवणापर्यंत आत्याच्या सहाशे बारा जुळ्या बहिणी वारल्या होत्या आणि आमटीला फोडणी द्यायची राहून गेली होती.

हे सगळं तिच्या भाच्याचं काम होतं.

भाचा म्हणजे इंद्रजित शेडगे. वय सत्तावीस. सांगलीतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तो कामाला होता. दारावरच्या पाटीवर ‘संगणकीय प्रतिरूप कक्ष’ असं लिहिलेलं होतं, पण वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला जुळेघर म्हणत. हॉस्पिटल काढून वीस वर्षं झाली होती, जुळेघर सुरू होऊन चार. या चार वर्षांत तिथं एकही जिवंत माणूस मेला नव्हता. हे इंद्रजित लोकांना अभिमानानं सांगायचा, आणि लोक त्याच्यापासून जरा लांब सरकून बसायचे.

जुळं करतात ते असं. पेशंटच्या गाठीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि त्यातल्या पेशी एकेक करून वाचायच्या. कुठली हावरट आहे, कुठली आळशी आहे, कुठली औषध आलं की दारं-खिडक्या लावून मेल्याचं सोंग घेते. मग तशाच पेशी संगणकात वसवायच्या, चाळीस लाख. यातली प्रत्येक पेशी म्हणजे चार नियमांचा एक छोटा प्रोग्राम : खायला मिळालं तर एकाची दोन हो, दाटी झाली तर शेजारणीला ढकल, शरीराचे पहारेकरी आले तर वेश बदल, आणि जमलं तर रक्तात उतरून दुसऱ्या गावाला जा. त्यांना ‘कॅन्सर व्हा’ असं कुणीही सांगत नाही. चाळीस लाखजणी आपापले नियम पाळतात, आणि त्याचाच कॅन्सर होतो. या गाठीभोवती पेशंटचंच यकृत, मूत्रपिंडं, रक्त, सगळं आकड्यांत उभं करायचं. झाली जुळी तयार.

आता घड्याळ पळवायचं. इथल्या एका मिनिटात तिथला एक दिवस. अशा हजारो जुळ्या एकाच वेळी सोडायच्या आणि प्रत्येकीला वेगळा उपचार द्यायचा. औषध वेगळं, डोस वेगळा, दोन डोसांमधलं अंतर वेगळं. पूर्वी हे सगळं माणसावरच करून बघावं लागे आणि माणूस एकच असे. आता हजार जुळ्या मरतात, एखादी तरते. जी तरते तिचा उपचार खऱ्या माणसाला द्यायचा. इतकं सोपं आहे.

अवघड होता तो सरकारी नियम. प्रत्येक जुळ्याचं काय झालं हे पेशंटला ‘सहृदय भाषेत’ कळवलं पाहिजे. मेसेजचा मसुदा इंद्रजितनंच लिहिला होता. समितीनं तो कोरडा आहे म्हणून तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा त्यानं वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिराती समोर ठेवून लिहिला आणि तो लगेच मंजूर झाला. बहुतेक पेशंट पहिल्याच दिवशी ‘मेसेज नकोत’वर टिचकी मारत. आत्या म्हणाली होती, “माज्याबद्दलचं असून मलाच कळाय नको व्हय?”

मंगळवारी दुपारी तीन एकवीसला क्रमांक ४११७ नं पाच वर्षं पूर्ण केली. आधीच्या चार हजार एकशे सोळा गेल्या होत्या. ही टिकली होती आणि तिची गाठ हरभऱ्याएवढी होऊन निपचित पडली होती. दीड दिवस मशिनपाशी बसलेल्या इंद्रजितनं प्रोग्राम थांबवला, कँटीनमध्ये दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन तो घरी आला.

दारात शेजारच्या सुतारकाकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उभ्या होत्या. आत इंद्रजितचे वडील, आण्णा, दाढी न करता सतरंजीवर बसले होते. देवघराला पडदा होता.

“कोण गेलं?” इंद्रजितनं चपलाही न काढता विचारलं.

“मालनची जुळी बहीण,” आण्णा म्हणाले.

“तुमाला जुळी बहीण हुती?” सुतारकाकूंनी हळूच विचारलं.

“चार हजार एकशे सोळा,” आण्णा म्हणाले. काकूंनी डबा ठेवला, हात जोडले आणि जास्त काही न विचारता त्या निघून गेल्या. त्या रात्री गल्लीत शेडग्यांच्या घराण्याविषयी बरंच बोललं गेलं असणार.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसली होती. “ती पेढं भाईर ठेव. सुतकात ग्वाड आणत्यात व्हय?”

इथं आत्याविषयी सांगायला पाहिजे. मालन शेडगे, वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. इंद्रजितची आई तो तीन वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून त्याला आत्यानंच वाढवलं, आणि बराचसा सांगली-तासगाव बसमध्ये वाढवलं. तो कंडक्टरच्या सीटवर बसून डबा खायचा. ज्या दिवशी त्याला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिनं त्याच्या हातात लाडू दिला, आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या पाकिटातून काढून एसटीच्या पिशवीत टाकले. ती फार देव-देव करणारी नव्हती. पण नियम म्हणजे नियम. तिचं म्हणणं असं, की नियम पटतो का ते घरी बसून ठरवायचं, गाडीत बसल्यावर पाळायचा.

“आत्या, ती बाई नव्हती. प्रोग्राम होता,” इंद्रजित म्हणाला.

“गेल्या आयतवारी इथंच बसून काय सांगितलंस? पेशीपेशीनं तूच हाईस म्हणालास.”

“ते समजावं म्हणून सांगितलं.”

“समाजलं की मग.” तिनं फोन पुढं केला. “सगळ्या वाचल्या मी. दोनशे विसावी लई सोसली बघ. तेहतीस दिवस रक्ताच्या उलट्या. माज्यासाठी औषधं घिऊन घिऊन मेल्या त्या, आन घरात कुणी ओंजळभर पाणी सोडायचं न्हाई? बिनलग्नाची म्हायेरचीच बहीण हाय. म्हंजे दहा दिवस पुरं.”

“चार हजार वेळा दहा?” आण्णांना हिशोबाची काळजी.

“सुतकात सुतक पडलं की पयल्याबरुबर फिटतं. पुढच्या बुधवारपतुर.”

इंद्रजितनं सुटकेचा श्वास सोडला. बुधवार तर बुधवार. पेढ्यांचा पुडा त्यानं खिडकीत ठेवला आणि ४११७ ची गोष्ट सांगितली. आत्यानं ती नीट ऐकली आणि म्हणाली, “ब्येस झालं. मग सुतक फिटलं की भैरोबाला जाऊन नारळ फोडते आन मग सुई टोचून घेते. त्याला न सांगता अंगात काय घालायचं न्हाई.”

बुधवारी सकाळी इंद्रजितनं हे तगारे मॅडमना सांगितलं. डॉ. तगारे जुळेघराच्या प्रमुख. चार वर्षांत त्या दोनदा हसल्या होत्या आणि दोन्ही वेळा छापखान्याच्या चुकीवर.

“पुढचा बुधवार?” त्या म्हणाल्या. “४११७ चा उपचार उशिरा सुरू करून बघितलास?”

बघितला नव्हता. त्यांनी लगेच आठ नव्या जुळ्या सोडायला लावल्या. उपचार तोच, फक्त सुरुवात एकेक दिवस पुढं. संध्याकाळी पडद्यावर जे दिसलं ते इंद्रजितनं तीनदा तपासलं. मालनच्या गाठीत दोन जातीच्या पेशी होत्या : औषधानं मरणाऱ्या भोळ्या आणि न मरणाऱ्या चिवट. आज चिवट शेकड्यात एक होत्या आणि भोळ्यांच्या दाटीत त्यांना हातपाय पसरायला जागा नव्हती. पण त्या झपाट्यानं वाढत होत्या. शनिवारपर्यंत सुरू केलेल्या जुळ्या चार-पाच वर्षं टिकतील अशा बेतात होत्या. रविवारी सुरू केलेली सात महिन्यांत गेली. पुढच्या गुरुवारी सुरू केलेलीला दिवाळीसुद्धा दिसली नाही.

“शनिवार,” तगारे मॅडम म्हणाल्या. “समजावून सांग. तुझी आत्या आहे.”

“म्हणून तर,” इंद्रजित म्हणाला.

तो घरी पोचेपर्यंत आत्याच्या फोनवर नवे मेसेज गेले होतेच. नियमच होता तसा. त्यानं शनिवारचं सगळं सांगितलं. चिवट पेशी, भोळ्या पेशी, सात महिने, दिवाळी. सांगताना तो मध्येमध्ये पाणी पीत होता. आण्णा उठून गॅलरीत गेले आणि उगीचच वाळलेले कपडे पुन्हा झटकू लागले.

“मशिन खरं सांगतंय कशावरनं?” आत्यानं विचारलं.

“शंभरातल्या एक्याण्णव जणांचं खरं निघालंय.”

“नऊ उरत्यात की.”

“आत्या, त्या नऊमध्ये बसायला मागतीयेस काय तू?”

“ओरडू नगं. मला मरायची हौस न्हाई.” तिनं पदर सारखा केला. “पर चार हजार जणींच्या डोक्यावर पाय देऊन जायचं, आन त्यांच्यासाठी दहा दिवस थांबायचं न्हाई. हे मला जमंना. तू म्हण, अडाणी हाय.”

तो म्हणाला नाही. त्यानं आयुष्यभर तिला विनातिकीट माणसाला मुकाट्यानं खाली उतरवताना पाहिलं होतं. त्यात आमदाराचा मेव्हणा होता आणि एकदा स्वतः आण्णा होते. अशा बाईशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यानं भैरोबाच्या गुरवाला फोन केला. गुरव म्हणाला, सुतकात देवळात येऊ नये, बाकी मला कंप्युटरातलं काय कळत नाही, पण माझ्या गुडघ्याचं जुळं करता येतं का बघ.

गुरुवारी सकाळी तो रजा टाकून आत्याशेजारी जमिनीवर बसला. काही सुचत नव्हतं म्हणून लसूण सोलू लागला. आत्या पुन्हा पहिला मेसेज काढून बघत होती. ती हे दिवसातनं चार-पाचदा करायची.

“इंद्या, मशिन किती वाजता चालू केलंतास?”

“आठ पंचावन्नला.”

“आन पयली गेली नऊ चौदाला.”

“हं.”

“एकुणीस मिंटं.” तिनं बोटांवर पुन्हा मोजलं. “आन हितं लिवलंय, दिवस एकुणीस. ह्यो काय घोळ?”

“घोळ नाही. तिथला दिवस म्हणजे आपलं एक मिनिट. सांगितलं होतं मी.”

“तवा माजं ध्यान डाळीकडं हुतं.” ती फोनवरचं बोट तसंच ठेवून बसली. इंद्रजितच्याही हातातली पाकळी थांबली, कारण तिच्या डोक्यात काय चाललंय ते त्याच्या डोक्यातही आत्ता चालू झालं होतं. पण तो बोलला नाही. हे तिचं तिलाच बोलू द्यायला हवं होतं. त्यानं सुचवलं असतं तर ती पळवाट झाली असती, आणि पळवाटेनं आलेल्या माणसाला आत्या गाडीत घेत नसे.

“गेलेल्या माणसाचं सुतक कुणाच्या घड्याळानं धरायचं?” ती म्हणाली.

“मला काय माहीत?”

“गेलेल्याच्याच धरायचं. ती जिथं ऱ्हात हुती तिथलाच दिवस मोजाय पायजे. जिच्यासाठी बसायचं तिच्या गावचं घड्याळ.” तिनं लसणाची साल झटकली. “म्हंजे दहा मिंटं.”

“म्हणजे दहा मिनिटं.”

“म्हंजे सोमवारी सव्वानवाला आपुन बसलो आन साडेनवाच्या आत उठलो असतो!”

“पहिल्या जुळीपुरतं.”

“शेवटची कवा गेली?”

“काल संध्याकाळी. सहा वाजून दोन.”

आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. गुरुवारचे सव्वादहा झाले होते. “तिच्या हिशोबानं नऊशेत्र्याहत्तर दिवस झालं. वर्षश्राद्ध दोनदा उलटून गेलं रं!” आणि मग आण्णांच्या दिशेनं गॅलरीत, “ए आण्णा, दाढी कर. अडीच वर्सं झाली.”

हातातला शर्ट टाकून आण्णा थेट बेसिनकडं गेले.

आत्यानं डोक्यावरून आंघोळ केली, देवघराचा पडदा काढला. मग परसात जाऊन तिनं ओंजळीनं पाणी सोडलं. एकदा सोडलं. मग थांबली आणि दुसऱ्यांदा सोडलं. “दोनशे विसावीचं येगळं,” म्हणाली. इंद्रजित दारात उभा राहून बघत होता. त्यानं चार वर्षांत चार-पाच लाख जुळी मारली होती, आणि हे असं कुणी करताना तो पहिल्यांदाच बघत होता. त्याचे हात उगीचच पँटच्या खिशातून बाहेर आले.

दुपारी तिघं गावी गेले. भैरोबाच्या देवळात आत्यानं नारळ फोडला, तो पहिल्या फटक्यात फुटला. गुरवानं आपला गुडघा दाखवला. परत येताना गाडीत आण्णांना झोप लागली आणि आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ती यक राहिली ती. चार हजार एकशे सतरावी.”

“हं.”

“पाच वर्सानी काय झालं तिचं?”

इंद्रजित या प्रश्नाची मंगळवारपासून वाट बघत होता आणि तरीही तो त्याला अंगावर आल्यासारखा आला. “काही झालं नाही. मी थांबवली.”

“का?”

“प्रोग्राम पाच वर्षांचाच असतो.” हे खरं होतं. त्यानं आणखी खरं सांगितलं, “आणि मला भूक लागली होती.”

“थांबवली म्हंजे मेली?”

“नाही. आहे तिथंच उभी आहे. पुन्हा चालू केली तर पुढं जाईल.”

“आन मग कवा जाणार ते कळंल.”

“एका तासात साठ दिवस पुढं जाते. उद्या दुपारपर्यंत कळेल.” तो रस्त्याकडं बघत होता. त्याला ते बटण दिसत होतं. मंगळवारपासून चार वेळा त्यानं त्यावर बोट ठेवून उचललं होतं. “बघू?”

मागच्या सीटवर आण्णांचं घोरणं थांबलं होतं.

“नगं,” आत्या म्हणाली. “आन तूबी बघायचं न्हाई. तुजं त्वांड मला लहानपणापास्नं वाचता येतंय. तू बघशील, आन रोज ताटावर बसलास की मला ती तारीख दिसंल.”

“बरं.”

“बरं न्हाई. शपथ घे.”

“घेतली.”

मग ऊस आणि द्राक्षांचे मांडव मागं पळत राहिले. कवठे गावाच्या जवळपास आत्या म्हणाली, “तिला नुसतीच उभी ठिवू नगंस. पयल्यापास्नं घे. उद्या मला टोचतील तवाच तिलाबी टोच. आन माज्या फुडं पळवू नगं. माज्याबरुबर चालव.”

“एका दिवसाचा एक दिवस?”

“मग कसा असतुय दिवस?”

“आत्या, प्रत्येक पेशी दोन होताना मशिन फासे टाकतं. पहिल्यापासून घेतली तर ती पुन्हा पाच वर्षं टिकेलच असं नाही. आधी जाईल, नाहीतर नंतर.”

“मलाबी तसंच हाय की,” आत्या म्हणाली. “निदान दोगी एकाच गाडीत असू.”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला पहिल्या मजल्यावर मालन शेडगेच्या डाव्या हातात सुई गेली. नर्सनं विचारलं, दुखतंय का. आत्या म्हणाली, “माजं जाऊ दे, खाली फोन करून इचार, तिला टोचली का?” नर्सनं पेशंट गोंधळल्याची नोंद केली, पण फोन केला. तळमजल्यावर इंद्रजितनं ४११७ पहिल्या दिवसावर आणली, औषध सोडलं आणि वेगाचा काटा डावीकडं ओढत नेला. एका मिनिटाला एक दिवस. एका तासाला एक दिवस. आणखी डावीकडं, जिथं या खोलीत कुणी कधी गेलं नव्हतं. एका दिवसाला एक दिवस. तिथं काटा किंचित अडकला आणि मग बसला.

पडद्यावरची चाळीस लाख पेशींची गाठ, जी एरवी उकळत्या दुधासारखी हलायची, ती थांबली. कोपऱ्यातला दिवसाचा आकडा एकवर होता आणि एकवरच राहिला.

“टोचली म्हणून सांगा,” इंद्रजित फोनवर म्हणाला.

दहा मिनिटांनी तगारे मॅडम आत आल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, जवळ गेल्या, माऊस हलवून बघितला.

“हे हँग झालंय का?”

“नाही मॅडम. जगतंय.”

“किती दिवस चालवणार आहेस असं? अख्खं मशिन अडकेल.”

“वरती आत्या किती दिवस चालते त्यावर.”

मॅडमनी पुन्हा पडद्याकडं बघितलं. बघता बघता गाठीच्या डाव्या कडेला एक पेशी, एकच, अगदी सावकाश आक्रसून विझली.

मॅडमनी खुर्ची ओढली, आणि पुढची पेशी विझेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.